गुप्तहेराचा संसार

गुप्तहेराला बायको असावी की नसावी, हा प्रश्न वरवर पाहता थट्टेचा वाटेल. पण रहस्यकथा वाचणाऱ्या आणि पोलिसी मालिका पाहणाऱ्या कोणत्याही घरात तो रोज रात्री नव्याने उभा राहतो. पडद्यावर प्रेत सापडते. आजोबा चष्मा पुसून पुढे सरकतात. त्यांना खुनी हवा असतो, आणि तोही जाहिराती लागण्यापूर्वी. कॉलेजात जाणाऱ्या नातीचे प्रेताकडे लक्षच नसते. तो तरुण इन्स्पेक्टर आणि प्रयोगशाळेतली ती डॉक्टरीणबाई एकमेकांशी मोकळेपणाने कधी बोलणार, एवढेच तिला पाहायचे असते. आणि घरातली गृहिणी कणीक मळता मळता विचारते, "हा माणूस सकाळपासून वणवण फिरतोय, जेवला केव्हा?"

तिघांच्या तीन तऱ्हा, आणि तिघांचेही बरोबर! लेखकाची मात्र पंचाईत होते. तपासाला वेग हवा, प्रेमाला सवड हवी आणि संसाराला रोजची हजेरी हवी. एका कथेत ही तिन्ही घोडी जुंपायची कशी?

पाश्चात्त्य पंडितांनी ह्यावर एक सोपा उपाय काढला होता. एस. एस. व्हॅन डाइन ह्या अमेरिकन लेखकाने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम घालून दिले, त्यांतला एक नियम प्रेमप्रकरणाला सरळ मज्जाव करणारा होता. शेरलॉक होम्सने तर त्याच्या आधीच ब्रह्मचर्य पत्करले होते. भालबा केळकरांच्या मराठी अनुवादांतून ज्यांनी होम्स वाचला असेल, त्यांना डॉक्टर वॉटसनची गंमत आठवत असेल. १८९० सालच्या कादंबरीत वॉटसनचे लग्न ठरते, तेही होम्सकडे तक्रार घेऊन आलेल्या मुलीशीच. पुढे कॉनन डॉइलला पेच पडला. वॉटसन बायकोपाशी राहिला तर होम्सच्या मागे धावणार कोण? मग ती बिचारी कधी नातलगांकडे पाहुणी जाते, कधी तिचा उल्लेखच राहून जातो. कथेच्या सोयीसाठी इतक्या वेळा माहेरपणाला धाडलेली दुसरी स्त्री मला माहीत नाही.

आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. गिरगावात चष्म्यांचे दुकान चालवणाऱ्या ह्या गृहस्थांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या; १९९६ साली ते वारले, तोवर मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्या त्यांच्या पुस्तकांवर वाढल्या होत्या. वाचनालयातून आणलेले ते बारीकसे पुस्तक भूगोलाच्या पुस्तकात दडवून वाचणारे पुढे न्यायाधीश झाले, हेडमास्तर झाले, आणि मग आपल्या नातवंडांना तसली पुस्तके वाचू नका म्हणून सांगू लागले! ह्या अर्नाळकरांचा झुंजार हा ब्रह्मचारी नव्हे. त्याला विजया नावाची पत्नी आहे. ती खिडकीत उभी राहून वाट पाहणारी नव्हे. साहसात ती बरोबरीने असते, आणि जोडीला नेताजी हा साथीदार.

ज्या काळात मध्यमवर्गीय घरातल्या सुनेला नवऱ्याबरोबर सिनेमाला जायचे तरी सासूबाईंची परवानगी लागे, त्या काळात ही जोडी वाचणाऱ्यांना काय वाटले असेल, ह्याची कल्पना करावी. माझा अंदाज असा, की बायकांनी झुंजार वाचला तो विजयेसाठी. पण एक खरे, की झुंजारच्या घरात चूल पेटलेली सहसा दिसत नाही. वाण्याची उधारी नाही, तापाने फणफणलेले पोर नाही, सासूबाई तर नाहीतच. घर म्हणजे धोक्याची वार्ता येण्याची जागा. नवराबायको एकत्र आहेत, पण तो संसार नव्हे, सहल आहे. पुढे गुरुनाथ नाईकांच्या कॅप्टन दीपच्या काळात सहलीचा वेग वाढला, विमाने आली, परदेश आले. घर मात्र आणखीच दूर गेले.

संसार करणारा हेर पाहायचा तर बंगालीकडे वळावे लागते. पण ते बंगालीही आपल्याला अगदीच परके नाहीत. ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय हे १९३८ साली मुंबईला बोलपटांसाठी आले आणि १९५२ पासून पुण्याला राहिले. ब्योमकेशच्या उत्तरार्धातल्या कित्येक कथा पुण्यात बसून लिहिलेल्या आहेत. कलकत्त्याच्या गल्लीबोळांचे एवढे बारीक वर्णन मुठेकाठी व्हावे, ह्याचे मला नेहमी कौतुक वाटते.

ब्योमकेशचे लग्न कसे जुळले, ते पाहण्यासारखे आहे. 'अर्थमनर्थम्' ह्या कथेत एका म्हाताऱ्या धनिकाचा खून होतो. संशय येतो तो सुकुमार नावाच्या तरुणावर. त्याची बहीण सत्यवती. भाऊ निर्दोष आहे, ह्यापलीकडे तिच्यापाशी दुसरा पुरावा नाही. ब्योमकेश खरा गुन्हेगार शोधतो आणि त्या शोधातच सत्यवतीला ओळखतो. येथे प्रेमासाठी तपास थांबवावा लागत नाही. तिचे धैर्य, तिची भीती, तिचे भावावरचे प्रेम हे सारे तपासाचेच कागद आहेत. ते वाचता वाचता तो तिच्यात गुंततो. लग्नानंतर मूल होते, पैशाची ओढाताण होते, नवराबायकोत चहावरून कुरबुर होते. मित्र अजित त्यांच्याच घरात राहतो आणि दोघांच्या भांडणात सापडतो. १९९३ साली बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी ही मालिका केली, तेव्हा रजित कपूरच्या ब्योमकेशसमोर सत्यवती म्हणून उभ्या राहिल्या त्या आपल्या सुकन्या कुलकर्णी. त्या मालिकेतील ब्योमकेशचे घर पाहताना आमच्या आईला प्रथमच वाटले होते, की हा माणूस वेळेवर जेवत असावा.

ब्योमकेशच्या त्या कथेत शोध आणि प्रेम हे एकाच सुताचे दोन पदर आहेत. ही कल्पना आम्हा वाशिमकरांना नवी वाटू नये. आमचे वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. हजार-अकराशे वर्षांपूर्वी राजशेखराने 'काव्यमीमांसा' लिहिली, तीत एक मोठी मजेची कथा आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घर सोडून निघतो. त्याला आवरायचे कसे? गौरी विचार करते, की प्रेमासारखे बंधन दुसरे नाही. आणि ती साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करून त्याच्या मागावर धाडते. पुढे तो, मागे ती. पूर्वेकडचे देश झाले, पांचाल झाला, अवंती झाली, दक्षिण झाली. प्रत्येक प्रदेशात तिचा वेश निराळा, नृत्य निराळे, बोलण्याची रीत निराळी. तो हळूहळू विरघळत जातो. आणि विदर्भात, वत्सगुल्म नगरीत, दोघांचा गांधर्वविवाह होतो.

वर्गात ही कथा सांगताना मी मुलांना म्हणतो, की पाहा, फरारी माणूस, त्याच्या मागावर वेश बदलून फिरणारी स्त्री, गावोगाव पाठलाग आणि शेवटी आपल्याच गावात सापळा! मुले हसतात. पण मला खरेच वाटते, की ह्या गोष्टीत आपल्या आजच्या प्रश्नाचे उत्तर आहे. तेथे पाठलागाचे प्रकरण वेगळे आणि प्रेमाचे वेगळे, अशी वाटणी नाही. साहित्य ह्या शब्दाचा अर्थच मुळी सहितपणा. तपास, प्रेम आणि घर ह्यांना तराजूत घालून सारखे तोलण्याची गरज नाही. ती एकमेकांच्या सहित चालली पाहिजेत. घरातल्या गोष्टीने तपासाला धक्का बसला पाहिजे, नाहीतर तपासाने घराला.

आजच्या मालिकांत चुकते ते येथेच. दहा मिनिटे खून, पाच मिनिटे प्रेम, पाच मिनिटे सासूबाई, अशी वाटणी केलेली असते. कथेचे तीन भाऊ वेगळे निघाले आणि मधे भिंत घातली, असे वाटते. प्रेमाचा भाग आला की आजोबा उठून पाणी पिऊन येतात, आणि परत आल्यावर त्यांचे काहीही चुकलेले नसते! जो भाग न पाहता उठून जाता येते, तो त्या कथेचा नव्हेच, ही माझी कसोटी.

'सीआयडी' ह्या हिंदी मालिकेने शहाणपणाने ही भानगडच टाळली होती. २१ जानेवारी १९९८ ला ती सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा अवतरली. शिवाजी साटमांचे एसीपी प्रद्युम्न, दार फोडणारा दया, प्रयोगशाळेतले डॉक्टर साळुंखे ह्यांना घरे असतील असे कधी वाटलेच नाही. बिचाऱ्या दिनेश फडणीसांच्या फ्रेडरिकला तेवढी बायकोची धास्ती होती, तीही विनोदापुरती. अभिजित आणि डॉक्टर तारिका ह्यांचे डोळ्यांनी चाललेले बोलणे साळुंख्यांच्या एका खेकसण्यात संपून जाई. पण ह्याच मालिकेत प्रद्युम्नला आपल्या स्वतःच्या मुलावर, नकुलवर, गोळी झाडावी लागते, तो प्रसंग ज्यांनी पाहिला त्यांना तो इतक्या वर्षांनंतरही आठवतो. शेकडो खून विसरले गेले, तो एक राहिला. कारण त्या दिवशी गुन्हेगार आणि घर एकाच दारातून आत आले.

मराठीत 'झी मराठी'वर २०१४ मध्ये 'अस्मिता' आली, तेव्हा मला मोठी आशा वाटली होती. मयूरी वाघने उभी केलेली ही नायिका स्वतःच गुप्तहेर. तिची प्रकरणे, अभिमानवर जडलेले तिचे प्रेम आणि तिचे घर, अशी तिहेरी मांडणी. बाई तपासाला निघाली की सारा प्रश्नच पालटतो. पुरुष हेराच्या बाबतीत घर विचारते, तो जेवला का. बाईच्या बाबतीत घर विचारते, आता जेवायला कोण वाढणार! ह्या एका प्रश्नावर केवढे नाट्य उभे करता आले असते. मालिकेने ते अधूनमधून केलेही, पण आठवड्याला नवे प्रकरण हवे ह्या घाईत बहुधा ते निसटले.

हल्ली आमचे विद्यार्थी मोबाइलवर चिनी पोलिसी मालिका पाहतात. मीही एक पाहिली, २०२३ च्या जानेवारीत चीनमध्ये गाजलेली 'कुआंग प्याओ'. एकोणचाळीस भागांचे हे प्रकरण २०००, २००६ आणि २०२१ अशा तीन काळांत फिरते. चिनी परंपरेत न्यायाधीश बाओ आणि न्यायाधीश दी ह्यांच्या तपासकथा शतकानुशतके चालत आल्या. पण त्या न्यायमूर्तींच्या माजघरात वाचकाला सहसा प्रवेश नसे. ही मालिका थेट माजघरातूनच सुरू होते. नववर्षाच्या आदल्या रात्री गाओ छीछ्यांग हा मार खाल्लेला गरीब मासेविक्या पोलीस ठाण्यात बसलेला असतो. घरोघरी कुटुंबे एकत्र जेवायला बसलेली, आणि हा कोठडीच्या कडेला. आन शिन नावाचा तरुण पोलीस त्याला आपल्यातली मोदकासारखी उकडलेली डंपलिंगे खायला देतो. ऐन दिवाळीत ठाण्यात अडकलेल्या माणसाला कोणी करंजी द्यावी, तशी ती गोष्ट.

पुढे मासेविक्या धाकट्या भावंडांच्या मायेपोटी गुन्हेगारीत शिरतो आणि शहराचा धनी होतो. त्याला प्रेमळ पत्नी मिळते, भरले घर मिळते. आणि त्याच्यामागे वीस वर्षे लागलेला आन शिन? मंग यू ही त्याची प्रेयसी दुसऱ्याची होते. तो एकटा राहतो, केस पांढरे होतात. लेखकाने उलटापालट केली आहे ती केवढी! घर गुन्हेगाराला आणि रिकामी खोली पोलिसाला. येथे प्रेमाचे प्रवेश मोजके आहेत. पण त्या तुटलेल्या प्रेमानेच तपासाची किंमत कळते. शेवटी शेवटी मालिका बरीच ताणली आहे, आणि पात्रांची नावे लक्षात ठेवता ठेवता माझ्यासारख्याची दमछाक होते, तो भाग निराळा.

पण ह्या बाबतीत चिन्यांचे कौतुक करताना आपल्या घरचे रत्न विसरू नये. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' ह्या मराठी कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि गोविंद निहलानींनी १९८३ साली 'अर्धसत्य' काढला. सब-इन्स्पेक्टर अनंत वेलणकर म्हणजे ओम पुरी. ज्योत्स्ना म्हणजे स्मिता पाटील. रामा शेट्टी म्हणजे सदाशिव अमरापूरकर. चित्रपट हिंदी, पण त्यातले घर अस्सल मराठी.

वेलणकरला शिकायचे होते. निवृत्त कॉन्स्टेबल असलेल्या बापाने त्याला पोलिसात घातले. हाच बाप त्याच्या लहानपणी आईला मारीत असे आणि पोरगा पाहत उभा राही. काही करू शकत नसे. तो मोठा होतो, अंगावर खाकी चढते, आणि त्या वेळी न उगारता आलेला हात आता कोठडीतल्या माणसांवर उठू लागतो. एका भुरट्या चोराचा त्या मारात जीव जातो. म्हणजे पाहा, ज्या प्रकरणात वेलणकर बुडतो, त्याचे मूळ ठाण्याच्या नोंदवहीत नाही, बापाच्या स्वयंपाकघरात आहे.

आणि प्रेम? ज्योत्स्ना ही कॉलेजात साहित्य शिकवणारी. (प्राध्यापकाला चित्रपटात बहुधा विसराळू विदूषकाचे काम मिळते, आमच्या व्यवसायाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.) ती त्याच्या हाती दिलीप चित्र्यांची कविता ठेवते; ती वाचता वाचता त्याचा आवाज बदलतो, आणि आपण कोण आहोत हे त्याला प्रथमच दिसते. ती त्याच्यावर प्रेम करते, पण त्याच्या हातांची तिला भीती वाटते. ही नोकरी सोडल्याशिवाय लग्न नाही, असे ती सांगते. हा प्रेमाचा प्रवेश कापून काढून पाहा, तपासाची सारी कथा कोसळते. बापाचा प्रवेश कापा, तरीही कोसळते. आमचे आजोबा ह्या चित्रपटात पाण्यासाठी उठले नाहीत.

आता कोणी म्हणेल, हे सारे कल्पनेतले. खऱ्या गुप्तहेरांचे काय? मुंबईच्या रजनी पंडित ह्यांनी १९९१ च्या सुमारास स्वतःची तपास संस्था काढली. एका खुनाच्या प्रकरणात सहा महिने मोलकरीण होऊन एका घरात राहिल्याची हकीकत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितली आहे. त्यांनी लग्न केले नाही. लग्नापूर्वीच्या चौकश्या, नवऱ्यावरचा संशय, बायकोवरचा संशय, हाच खाजगी हेरांच्या कामाचा मोठा भाग असतो. स्वतःचे घर बाजूला ठेवून माणूस दुसऱ्यांच्या घरांत जन्म काढतो. ह्यावर मराठीत एखादी चांगली कादंबरी होईल, असे वाटून राहते.

आणि पोलिसांचे घर? आमचा वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. जिल्हा झाला म्हणजे अधीक्षकांचे कार्यालय आले, मुख्यालय आले, वसाहत आली. माझ्या वर्गात दरवर्षी दोन-चार मुले त्या वसाहतीतली असतात. 'आमची दिवाळी' ह्या घासून गुळगुळीत झालेल्या विषयावर एका मुलीने लिहिले होते, की आमच्याकडे पहाटेचे अभ्यंगस्नान सकाळी अकराला असते. बाबा रात्रपाळी करून आले की मग उटणे कालवायचे. एक वर्षी ते दुपारी आले, तेव्हा दुपारी. बाकी सर्वांच्या निबंधात आकाशकंदील आणि फटाके होते. तिच्या निबंधात तेवढे बंबातले पाणी पुन्हा पुन्हा तापत होते.

पोलिसाने आठ तासच काम करावे, असा प्रयोग २०१६ साली मुंबईच्या देवनार ठाण्यात सुरू झाला, तेव्हा त्याची केवढी बातमी झाली! इतर नोकरदारांना जे सहज मिळते, ते ज्या खात्यात बातमीचा विषय होते, त्या खात्यातल्या माणसाच्या बायकोवर आपल्या रहस्यकथाकारांनी किती पाने खर्च केली? अर्नाळकरांची विजया साहसाला निघाली, सत्यवतीने चहा केला, ज्योत्स्ना प्रेम करूनही दूर उभी राहिली. वसाहतीत दोन खोल्यांत राहणारी कॉन्स्टेबलची पत्नी अजून कथेत यायची आहे.

ती आली तर गोष्ट अशी घडू शकेल. रामनवमीला मानोरा तालुक्यात पोहरादेवीची मोठी यात्रा भरते, बंजारा समाजाची लाखो माणसे लोटतात, आणि जिल्ह्यातले पोलीस बंदोबस्ताला जातात. नवरा दोन-तीन दिवसांनी घरी येतो, खाटेवर पडतो तो घोरायलाच लागतो. ती धुळीने माखलेला गणवेश धुवायला घेते. पाण्यात बुडवण्यापूर्वी सगळे खिसे तपासायचे, ही तिची जुनी सवय. चहाची चिठ्ठी निघते, मोडलेली पेन्सिल निघते, कोणा हरवलेल्या पोराचे नाव लिहिलेला कागद निघतो. एखाद्या वर्षी असे काहीतरी निघते, की जे त्याने घरात आणायला नको होते. ती झोपलेल्या नवऱ्याकडे एकदा पाहते आणि तो कागद बादलीच्या पाण्यात टाकायचा की पदरात बांधायचा, हे तिला पाणी ओसंडण्यापूर्वी ठरवायचे असते. कोणा लेखकाने ही कथा मनावर घेतली, तर त्याने त्या खिशापासून सुरुवात करावी.